आधी आमंत्रण, मग नकाशा

सुदामा नगर, इंदूर

ती. सौ. बेबीताईस,
धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? अजून पाटावर बसवत नाही ना? देपालपुरात लसूण काढून झाला असेल. आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे प्रेमलता आहे. माझ्या छातीत जळजळ होते. डॉक्टर म्हणतात आम्लपित्त. प्रेमलता म्हणते, खिडकीचा पडदा ओढून घ्या, बरं वाटेल. (फोन केला नाही, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि दाजींसमोर त्यांच्याच भावाची निंदा बरी दिसत नाही.)

आमच्या समोर राहणाऱ्या तुझ्या दिराने, चिंतामणने, वर हॉल बांधला हे तुला ठाऊकच आहे. तुझी जाऊ अमिता गेल्यापासून घरात एकटा माणूस, मुलगा परदेशात. त्याला पंगत बसेल एवढा हॉल कशाला? त्यात रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभा राहतो आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात बघतो. वरूनच विचारतो, "काय भिया, आज पोहे बनताहेत क्या?" पोहे माझ्या घरचे, आणि मान वर करून उत्तरही मीच द्यायचं! सरळ सांगतो ताई, मला हेवा वाटतो. आपले पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार, त्याचे तिथेच दाणावैरणीचे कारकून (राग मानू नकोस, सासर तुझंच आहे), आणि आज कोण कोणाकडे वर बघतंय?

म्हणून मीही हॉल काढायचं ठरवलं. आर्किटेक्ट भूषणला एकच अट घातली: चिंतामणच्या छतापेक्षा हातभर उंच. तो म्हणाला, "अंकल, परमिशन नाही मिळणार. त्यांनीच फुल हाईट घेतलीय." मी म्हटलं, तू नकाशा टाक, ऑफिसचं मी बघतो. (बघायला काही नव्हतंच. नकाशा आता ऑनलाइन जातो, ओळख सांगायला समोर माणूस लागतो.)

उंचीत जिंकू तेव्हा जिंकू, पण चिंतामणची वास्तुशांत अजून व्हायची होती. म्हटलं, तिथे तरी पुढे जाऊ! गुरुजींकडून मुहूर्त काढला आणि रीतीप्रमाणे पहिली अक्षत बड्या गणपतीला देऊन आलो. हात जोडून 'सहकुटुंब यावं' असंही म्हणालो. घरी येतो तर नकाशा नामंजूर. कारण, तोच हातभर.

माणसांना 'येऊ नका' म्हणून कळवता येतं गं. देवाला काय सांगू? छत झालं की या? प्रेमलताने माझ्याशी बोलणं टाकलंय. देवघरात तेवढी मोठ्याने माफी मागते, तीही माझ्या नावाने.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
जयसिंगराव

ता. क. : मुख्य काम राहिलंच. चिंतामणला सांग, त्याने आपली वास्तुशांत आमच्याच मुहूर्तावर करावी. गणपती आलाच तर निदान गल्ली तरी चुकणार नाही. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

आणखी एक : पाकीट बंद करतोय तोच चिंतामण दारात. देवघरातली माफी त्याच्या काचेपर्यंत पोचली होती. म्हणाला, "भिया, दादाला पाटावर बसवत नाही, आणि मी अकेला. जोड्याशिवाय पूजा कशी करू? म्हणूनच हॉल तसाच पडलाय. तुम्ही दोघं बसा ना." मग म्हणाला, "सकाळी वहिनी तुम्हाला डांटतात ना, ते बघत चहा पितो. नाही तर एकट्याला तो घशाखाली उतरत नाही."

प्रेमलताने पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली. म्हणजे ताई, इतके दिवस हेवा तो आमचा करत होता! किती वाईट वाटलं, आणि किती बरं वाटलं, काय सांगू. जळजळसुद्धा थांबली.

तुम्ही दोघं मुहूर्ताला नक्की या. दाजींना म्हणावं, येताना टेप आणा. पूजेला वर चढणारच आहोत, तर त्याचं छत नीट मोजून घेऊ.