बोटीतली ऊब

१३ डिसेंबर, शनिवार

जाग आली ती कपाळावर टपकन थेंब पडला म्हणून. छत गळत नाहीये — हे आमचेच श्वास! रात्रभर सोडलेली वाफ गार छताला चिकटते आणि पहाटे पाणी होऊन परत आमच्याच अंगावर. उपेंद्र म्हणाला, चला, आंघोळ वाचली.

बहिणीला फोनवर सांगितलं, इथे थंडी आहे. हसतच सुटली. दुबईत थंडी! इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमध्ये होतो तेव्हा मलाही कधी कळली नव्हती. ऑक्टोबरात तो सोडून ही जुनी शिडाची बोट घेतली, बोटींच्या धक्क्यावर, मरीनात राहायला आलो, आणि आता खाडीवरचा वारा म्हणजे काय ते हाडांना कळतंय.

बोटीचं वेड माझं. उपेंद्र बायकोचं मन राखायला हो म्हणाला आणि अडकला.

पुढच्या रविवारी सासूबाई येतायत, पुण्याहून. दोन महिने. गुडघे दुखतात, पाण्याची भीती. उपेंद्रने आज सरळ सांगितलं — आईला इथे त्रास झाला तर बोट विकायची आणि परत फ्लॅट. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१५ डिसेंबर

रास अल खोरला आमच्या ऑफिसच्या गोडाउनमध्ये बबल रॅपचे रोल पडलेले असतात. मॅनेजरला विचारून एक उचलला. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांना आतून चिकटवला. बाहेरून आमची बोट आता कुरिअरने पाठवायच्या पार्सलसारखी दिसते.

१७ डिसेंबर

ड्रॅगन मार्टमधून हीटर आणला. लावला. छान! मग चहाची किटली लावली आणि खटकन सगळं बंद — आमचंच नाही, शेजारच्या बोटीचंसुद्धा. शेजारीण टॉर्च घेऊन बाहेर आली. माहनूर. गिलगिटची आहे, नर्स आहे, बोटीवर एकटी राहते. बर्फात वाढलेली बाई, तिला आमची थंडी म्हणजे गंमत. शांतपणे म्हणाली, "हीटर या चाय. दोनों में से एक चुन लीजिए."

तिनेच सांगितलं, गादी फळीवर टाकू नका, खाली पट्ट्या ठोका, हवा खेळली पाहिजे. आणि खिडक्या एवढ्या गच्च बंद करताय तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. स्वतःकडचा जास्तीचा, बॅटरीवरचा, आणून दिला.

२१ डिसेंबर, रविवार

आई आल्या. फळीवरून बोटीत यायला तयारच होईनात. शेवटी उपेंद्रने पुढून आणि मी मागून धरलं. आत बसल्या, दोन्ही हातांनी टेबल घट्ट पकडलं.

"हलतेय ही."

म्हटलं, थोडीशी, आई.

"थोडीशी?"

रात्री दोन गोधड्या, मोजे, कानटोपी. हीटर त्यांच्या पायाशी. आम्ही दोघं पुढच्या कोपऱ्यात कुडकुडत.

२६ डिसेंबर

आई टेबल सोडून बसायला लागल्या! सकाळी ऊन आलं की डेकवर खुर्ची, पुस्तक, कानटोपी. माहनूर नाइट ड्यूटीवरून आली की मिठाचा गुलाबी चहा घेऊन येते. आई तो तोंड वाकडं न करता पितात. मी केलेल्या चहाला मात्र रोज काहीतरी कमी.

आईंचं हिंदी जुन्या बातम्यांमधलं, माहनूरचं अस्सल उर्दू. निम्मं एकमेकींना कळत नाही. पण रमी जोरात चालते. आई हरल्या की पत्ते नीट पिसले नव्हते म्हणतात.

३० डिसेंबर

काल उरलेला बबल रॅप छतालाही चिकटवला. आज छतावरून एक थेंब नाही. उपेंद्रने हात फिरवून पाहिला. हात कोरडाच. मी जिंकतेय.

३ जानेवारी, शनिवार



दुपारी माहनूरने डेकवर आमच्या ग्रिलवर कबाब केले. खाऊन ती तिच्या बोटीत झोपायला गेली. मग पाऊस. धक्क्यावरच्या विजेच्या बॉक्समध्ये पाणी शिरलं आणि वीज गेली. उपेंद्र आणि मी मरीनाच्या ऑफिसात तक्रार करायला गेलो. आईंना म्हटलं, पांघरून बसा, आलोच.

आईंना थंडी वाजायला लागली. ग्रिलमध्ये निखारे होते. त्यांनी ते छोटं ग्रिल उचलून आत आणलं आणि पाऊस येऊ नये म्हणून बोटीत उतरायच्या वाटेवरचं झाकण लावून घेतलं.

आम्ही परत येतोय तर लांबूनच अलार्मचा आवाज. पळालो. माहनूर अनवाणी, भिजलेली, आईंना काखेत धरून डेकवर बसलेली. आई पांढऱ्याफटक. अलार्मने झोपमोड झाली म्हणून ती बाहेर आली होती. तिला जाग आली नसती तर —

नाही लिहीत.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर काढलं. डोकं दुखतंय फक्त. उद्या सोडतील.

४ जानेवारी

आई परत आल्या. उपेंद्र एवढंच म्हणाला, "खलास, मुग्धा." मीच एजंटचा नंबर शोधून दिला.

६ जानेवारी

ऑफिसनंतर तिघं फ्लॅट बघून आलो. जुन्याच भागात, दुसरा मजला. कोरड्या भिंती, दिवसभर ऊन, लिफ्ट. कशाला नाव ठेवायला जागा नाही. आई खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. उपेंद्र एजंटला म्हणाला, आठवड्यात सांगतो.

८ जानेवारी

आई चार दिवस गप्प आहेत. माहनूरशी रमीसुद्धा नाही. मला वाटलं, रागावल्यात — असल्या ठिकाणी आणून ठेवलं म्हणून. आज लवकर घरी आले. डेकवर त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आई, बोटीचा हट्ट माझा होता. चुकलं.

त्या म्हणाल्या, "अगं, मूर्खपणा मी केला. निखारे बंद खोलीत नेऊ नयेत हे मला कळायला नको? तुमचं घर मोडायला निघालंय माझ्यापायी, म्हणून लाज वाटतेय."

मी काही बोलणार, तर त्यांनी हात धरला.

"हे गेल्यापासून मी एकटी राहते. परवा दवाखान्यात पडल्या पडल्या एकच विचार येत होता. हे पुण्यात झालं असतं तर आवाज कुणी ऐकला असता? लोखंडी दार, त्याच्या आत लाकडी दार. दुधाच्या पिशव्या साठल्यावर कळलं असतं लोकांना."

ऊन उतरलं तेव्हा मी गोधडी आणली आणि दोघींच्या पायांवर टाकली.

९ जानेवारी

रमी पुन्हा चालू. आई हरल्या. पत्ते नीट पिसले नव्हते.

११ जानेवारी, रविवार

आईंनी सकाळी पुण्याला फोन करून स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायला सांगितला. आम्हाला न विचारता. उपेंद्र चहाचा कप हातात धरून उभाच राहिला. व्हिसाचं तू बघ आणि त्या एजंटला नको म्हणून कळव, म्हणाल्या त्याला. मग माझ्याकडे वळल्या — "आणि उन्हाळ्यात ही बोट गार कशी ठेवायची, त्याचा काही विचार केलायस का गं?"

नाही केलेला!