‘दार’ या शब्दाबद्दल वरच्या मजल्यावरून खुलासा

तीर्थरूप दादांच्या सेवेशी, वरच्या मजल्यावरून धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? (तसा तो इथवर ऐकू येतो, पण पत्रात विचारायची रीत आहे.) जिना उतरून समोर यायचा धीर होत नाही, म्हणून हा कागद हिच्याच हाती खाली पाठवतोय. आज सकाळी गवंडी येऊन मधल्या खोलीची मापं घेऊन गेला, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल जेवताना मी बोललो ते मनाला लावून घेऊन तुम्ही घरात भिंत घालायला निघालात, हे उघड आहे. दादा, तो विषय घरचा नव्हताच हो, ऑफिसचा होता!

झालं असं, की आमच्या कोशाच्या संपादकांनी ‘दार’ हा संस्कृत शब्द माझ्या गळ्यात मारला. (आपलं उघडझाप करायचं दार वेगळं, ते ‘द्वार’वरून आलं.) हा दार म्हणजे बायको. अर्थ बायको, पण शब्द पुल्लिंगी. आणि बायको एकच असली तरी तो चालतो कायम अनेकवचनात. मला त्यात काही खटकलं नाही (वहिनी आणि ही, दोघींपैकी एकीला काही विचारलं की उत्तर दोघींचंच येतं), आणि मी तिथंच थांबायला हवं होतं. पण तुम्ही मूळ विचारलंत! मग मला राहवतंय का? धातू ‘दॄ’, म्हणजे फाडणं. आणि जुने पंडित सांगतात, की भावाभावांना फोडतात ते दार. हे मी दोघींच्या देखत, तोंडात घास असताना सांगितलं. वहिनींनी वाढायचा चमचा भांड्यात ठेवला, हिनं माझ्याकडे पाहिलं, तुम्ही पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत निघून गेलात. मी आपला सवयीनं द्वितीयेचं रूपही सांगत राहिलो.

ही व्युत्पत्ती पंडितांची आहे, माझी नाही. वेगळं व्हायचं हिनं कधी तोंडातून काढलेलं नाही. उलट दुपारपासून दोघी स्वयंपाकघरात कडी लावून हसताहेत, आणि ते ऐकून मी हा कागद दुसऱ्यांदा लिहितोय. दादा, खरं सांगतो, तुम्ही खाली खोकलात की मला वर झोप लागते. भिंत घालू नका.

तुमचा,
कुठं गप्प बसावं हे अजून न कळलेला धाकटा

ता. क. भिंत घालायचंच ठरलं असेल, तर स्वयंपाकघर माझ्या बाजूला यावं, एवढीच विनंती.

आणखी ता. क. (हे अक्षर ह्यांचं नाही, माझं.) भाऊजी, गवंडी तुम्ही बोलावला असं हे समजताहेत, आणि ह्यांनी बोलावला असं तुम्ही. तो जाऊबाईंनी आणि मी बोलावलाय. भिंत तुम्हा भावांच्या मध्ये नाही. तुम्ही दोघं एका बाजूला, शब्दांची मुळं खणत बसा. आम्ही दोघी आणि स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला. भावांना कुणी फोडलेलं नाही, हे पंडितांना कळवायला ह्यांना सांगा. आणि आज तुमच्या बाजूला काय रांधायचं, ते दोघांनी मिळून ठरवा.