सी-सहावरचं प्यादं

३ नोव्हें., सोमवार
सुट्टी संपली. सहामाहीचे गठ्ठे तसेच पडून. त्यात संध्याकाळी क्लबात सेक्रेटरी पाटणकरांनी काम गळ्यात मारलं. क्लबच्या कपाटासाठी बुद्धिबळाची सहा पुस्तकं निवडायची, महिनाअखेर यादी. मंडळींना हवेत सापळे, दहा चालींत मात. मी म्हटलं, सापळे सगळ्यांना पाठ आहेत, पंधराव्या चालीनंतर काय करायचं ते एकालाही ठाऊक नाही. आपल्याला ठाण मांडायची पुस्तकं पाहिजेत. कुठलं घर कमजोर, घोडा कुठं बसवायचा, कुठलं प्यादं ढकललं की जन्माचं दुखणं. पाटणकर म्हणाले, "मॅडम, मग तुम्हीच बघा."

काम का घेतलं, ते इथे खरं लिहिते. तानाजीभाऊंसाठी घेतलं.

४ नोव्हें.
ता.भाऊ फौजेतून आल्यापासून अठरा वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसले. मग काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग सगळंच. दोन वर्षं झाली, नवराबायको सातारा सोडून सांगलीला जाऊन राहिलेत. दिवाळीआधी मी गेले होते तेव्हा अंधांचा पट नेला होता. घरांना भोकं, काळी घरं उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणी. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "आंधळी कोशिंबीर खेळायचं वय न्हाई बाई माजं." इंदुवहिनी आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी शाळेतली म्हणून 'बाई'. अठरा वर्षांत नावाने कधी हाक मारली नाही.

५ नोव्हें., बुध.
घरात पाच पुस्तकं आहेत, तीन मागवली. जाडं उघडलं. विद्वान काम. फोनवर पहिलं प्रकरण मराठीत सांगत रेकॉर्ड केलं आणि भाऊंना पाठवलं. पंचवीस मिनिटं. मलाच माझा आवाज पाढे म्हटल्यासारखा वाटला.

रात्री भाऊंचा फोन, "लय आकडं हायती. दोन चाली धरल्या की तिसरी निसटती. आन् कशापायी खेळला ते सांगतच न्हाई गडी."

बरोबर. पानभर चाली आणि शेवटी 'पांढऱ्याचं बरं'. का बरं? गणितात असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते.

९ नोव्हें., रवि.
सांगली. सकाळची एस्टी, कराडला चहा. निळं पुस्तक बरोबर. हे पातळ आहे, चाली कमी, बोलतं जास्त. आधी प्रश्न, मग चित्र, मग उत्तर दोन पानांनी. प्याद्यांमागे कोंडलेल्या उंटाचं प्रकरण वाचलं. वाचताना भाऊंचा हात हळूहळू पटाकडे गेला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"परत वाचा. उंटाचं."

परत वाचलं. मग त्यांनी स्वतः मोहरी लावली. एक चुकून पडलं, शोधू दिलं. मदत केली नाही, फार जड गेलं.

निघताना वहिनी दारात, "दोन वर्सं भित्ताडाकडं तोंड करून बसत्यात. आज पयल्यांदा वळलं बघा." हातात भडंगाची पिशवी कोंबली. एस्टीत डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, तिखट लागलं का.

११ नोव्हें.
निवडीची कसोटी सापडली असं वाटतं. पट समोर नसताना, नुसतं कानावर पडून जे समजतं ते पुस्तक आपल्या लोकांचं. दुकान, शाळा, नोकरी करून आठला क्लबात येणारा माणूस सहा-सहा चालींची जाळी सोडवत बसत नाही. त्याला कारण सांगितलं तर ते तो घरापर्यंत नेतो. निळं यादीत पहिलं. जाडं बाद.

पाटणकर : "मॅडम, क्लबसाठी निवडताय की तानाजीरावांसाठी?" राग आला, उलट उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, विचारलं ते काही खोटं नव्हतं.

१४ नोव्हें., शुक्र.
पेपर तपासता तपासता निळ्यातलं एक चित्र भाऊंना पाठवलं, घरन् घर सांगून. पांढऱ्याची चाल, बेत काय? उत्तराचं पान उघडणार तोच त्यांचा निरोप, "उत्तर सांगू नगा. मी काडतो."

१७ नोव्हें., सोम.
शाळेत मधल्या सुट्टीत फोन. आवाज ओळखू येईना, इतका मोठा.

"बाई, घोडा मागं घ्यायचा! एफ-तीनवरनं डी-दोन, मग एफ-एक, मग ई-तीन, मग डी-पाच. चार चाली. तितं बसला की त्याला हुसकायला काळ्याकडं प्यादंच न्हाई. सी-चं प्यादं पाचवर गेलंय, ई-चं पाचवर. तीन दिस बोटं फिरवतोय. काल रातच्याला आतरुणात पडलो आन् दिसलं. आवं, दिसलं मला!"

मी जिन्यात उभी. काय बोलले आठवत नाही. रविवारी सातारला येतो म्हणाले, वहिनींना घेऊन. क्लबात मोठ्या पटावर सगळ्यांना दाखवणार. पाटणकरांना सांगितलं, त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं. एवढा आनंद मुलीच्या लग्नातही झाला नव्हता, हे लेकीला सांगायचं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
रविवारसाठी निळं उघडलं. पुस्तकाचं उत्तर वेगळं. घोड्याचं नावच नाही. हत्ती डी-पट्टीत आणून डी-सहाच्या प्याद्याला धरा म्हणतंय. भाऊंचा बेत लेखकाला सुचला नाही? पट मांडला.

सी-चं प्यादं पाचवर नाही. सहावर आहे.

चित्राच्या कडेला आकडे नाहीत. डी-सहा, ई-पाच मजकुरातच होते, ते बरोबर सांगितले. सी-चं तेवढं वरून मोजलं. तिसरी ओळ. आठातून तीन गेले पाच, म्हणून सी-पाच. वरून तिसरी म्हणजे सहावी. ह्याच चुकीला सातवीच्या पोरांचे मार्क कापते मी.

प्यादं सहावर असलं की डी-पाचवर आलेला घोडा ते तिरकं जाऊन खातं. चार चाली चालून मरायला जायचं.

भाऊंचं काहीच चुकलेलं नाही. मी जो पट सांगितला त्यात त्यांचा बेत पुस्तकापेक्षा सरस आहे, तीनदा तपासला. पण असा पट पुस्तकात नाही.

१९ नोव्हें.
फोन केला नाही. त्यांचे दोन निरोप : "पुस्तकाचं उत्तर धाडा, ताडून बघतो." ऐकले, उत्तर दिलं नाही.

क्लबात निळं कुणाकडे नाही. यादीतून काढलं तर कपाटातही येणार नाही. मग सी-सहा कुणालाच कळायचं नाही. भाऊ येतील, दाखवतील, टाळ्या पडतील, नवराबायको आनंदाने परत जातील. कुणाचं काय बिघडतं?

यादी काढली. निळ्यावर रेघ मारली आणि त्या जागी जाडं लिहिलं. बाद केलेलं, मला न आवडलेलं. सरळ मारली रेघ.

२० नोव्हें., गुरु.
इंदुवहिनींचा फोन. "बाई, यांचं काय चुकलं का? सारकं इचारत्यात, बाईंचा निरोप आला का. मी म्हनलं शाळंत कामं असतील. तर म्हनले, आंदळ्याचं वझं झालं आसंल त्यास्नी."

उद्या सांगते म्हणाले. सगळं आजच सांगता आलं असतं.

२१ नोव्हें., शुक्र.
सांगितलं. भाऊंना, फोनवर. आधी चूक. मग तीन दिवस का गप्प होते ते. मग रेघेचंही. तेवढं टाळता आलं असतं, पण म्हटलं एकदा उघडं पडायचं तर पुरतं पडावं.

  ते म्हणाले :

"सही कुटं करायची ते इंदी बोट धरून दावती. ताटात काय हाय ते तीच सांगती. दारात कोन आलंय ते शेजारी सांगत्यात. समदं दुसऱ्याच्या तोंडानं, बाई. पटावर तेवडं माजं मी बगत हुतो."

मी म्हटलं, तुमचा बेत बरोबर होता भाऊ.

"व्हय. चुकीच्या पटावर." आणि पुढे, "चूक हुती वो, मानसाची व्हतीच. तुमी ठावं आसून गप बसला. उद्या कायबी वाचून दावलं, तर खरं का खोटं मी कसं वळखायचं?"

 "ठेवतो" म्हणाले.

मी जेवले नाही. स्वतःचा इतका संताप फार दिवसांत आला नव्हता. दयेच्या नावाखाली मी त्यांना लहान मूल करून टाकलं. अठरा वर्षं ज्या माणसाने एक चाल परत घेतली नाही, त्याला.

२३ नोव्हें., रवि.
ते आले नाहीत. क्लबात पंधरावीस जण, मोठा पट भिंतीला लावलेला, वहिनींसाठी खुर्ची. पाटणकर त्यांना बघायला दोनदा पोवई नाक्यापर्यंत जाऊन आले.

मग मीच उठले. दोन्ही पट लावले, आधी पुस्तकातला, मग माझ्या चुकीचा. चूक कशी झाली ते सांगितलं. आठ वजा तीनला दोघे हसले, हसू दे. मग घोड्याच्या चार चाली दाखवल्या. हा बेत तानाजीरावांचा, पट न बघता काढलेला. यातलं काही पुस्तकात नाही.  शेवटी एरवी सापळ्यांपलीकडे न बघणारे कुलकर्णी म्हणाले, "मागं घेऊन पुढं न्यायचा. हे मला आज कळलं." आणि पानावर उतरवून घेतलं.

हे भाऊंनी ऐकायला हवं होतं. त्यांच्यामुळे झालं आणि माझ्यामुळे ते तिथे नव्हते.

२४ नोव्हें.
क्लबात काय झालं ते जसंच्या तसं बोलून पाठवलं, हसणाऱ्यांसकट. उत्तर नाही. यादीतली रेघ खोडली, जाडं पुन्हा बाद. निळं पहिलं. पाटणकरांना सांगितलं, चित्रांच्या कडेला मी स्वतः पेनाने आकडे घालून देईन, सगळ्या पानांवर. मग कपाटात ठेवा.

२६ नोव्हें., बुध.
यादी दिली. पाच पुस्तकं. सहावं माझ्याच्याने ठरत नाही, पाटणकरांना मुदत मागितली. एरवी हे मी भाऊंना विचारलं असतं.

२९ नोव्हें., शनि.
सकाळी आकडे घालत बसले होते. फोन. ता.भाऊ. कशी आहात वगैरे काही नाही.

"निळं हाताशी हाय का?"

आहे म्हटलं.

"त्ये चित्र काडा. मी घर इचारतो. तुमी काय हाय तेवडंच सांगायचं. दुसरं बोलायचं न्हाई."

पान काढलं. पलीकडे पटावर मोहरं टेकवल्याचा आवाज. ते एकेक घर विचारत गेले, मी बोट ठेवून बघून सांगत गेले. पांढरा हत्ती. पांढरं प्यादं. रिकामं. रिकामं. घाई नाही, आवाजात राग नाही, लोभही नाही. शिपायाने किट तपासावं तसं.

"सी-सहा?"

"काळं प्यादं."

तिथे थांबले.  मग सी-सात. असं करत चौसष्ट घरं झाली, चांगला अर्धा तास लागला. एच-आठ रिकामं म्हटलं. वाटलं आता काहीतरी म्हणतील. ठेवतील, किंवा बरं म्हणतील.

"परत," ते म्हणाले. "ए-एक?"

मी बोट खाली आणलं, नीट बघितलं.

"पांढरा हत्ती."