हॅरोला गेलेले भोपळे

हॅरो, २ मे १९७१

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत. यांच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या तशाच. आठवड्यातून दोनदा तरी मुलांना बाबा दिसतात ते झोपलेलेच.

इथे कौन्सिलने नवं रिक्रिएशन सेंटर उघडलंय. बॅडमिंटन, म्हाताऱ्यांसाठी पत्ते आणि पोहायला गरम पाण्याचा पूल. दर शनिवारी दोघांना घेऊन जाते. पाच वर्षांचा राजीव मी टॉवेल काढायच्या आत पाण्यात असतो. तुमची नऊ वर्षांची नात वीणा मात्र काठाचा दांडा धरून तासभर तिथेच.

जुलैत वीणाचा वर्ग आठवडाभर वेल्सला जाणार आहे. ज्यांना पंचवीस यार्ड पोहता येतं, त्यांनाच होडीत बसवणार. बाकीच्यांनी काठावर बसून चित्रं काढायची. असे वर्गात तिघंच उरलेत. रोज उशीत तोंड खुपसून रडते, पण पाण्यात पाय घालत नाही.

परवा तिच्या टीचरनी मला विचारलं, की तुमच्यात बायका पोहत नाहीत हे खरं का. वीणानेच तसं सांगून ठेवलं होतं. मी हो म्हणून मान हलवली. मला तरी कुठे पोहता येतं? हे म्हणतात की मी पुराच्या कृष्णेत उड्या मारायचो, मीच शिकवतो. पण नेमकी शनिवारीच यांना ड्यूटी लागते.

नानांना नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

आपली,
उल्का


वाई, १४ मे १९७१

चि. सौ. उल्कास,
अनेक शुभाशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रागवावं कळेना. पद्माकर आणि पुरात उड्या! पाठीला भोपळे बांधूनसुद्धा घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरला नाही तो. हे त्याला मोठ्याने वाचून दाखव.

आणि बायका पोहत नाहीत हे कोणी ठरवलं? माझं माहेर माहुलीचं. दहा वर्षांची असताना मी नदी पोहून पलीकडच्या चिंचा आणायची. लग्न होऊन वाईला आले, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की सुनांनी घाटावर धुणं धुवायचं, पोहायचं नाही. मी ऐकलं. चाळीस वर्षं झाली, अजून वाईट वाटतं. हे तुला कधी बोलले नव्हते.

शेजारचा शशिधर पुढच्या महिन्यात शिकायला एडिनबराला निघालाय. आधी तुमच्याकडे उतरेल. त्याच्याबरोबर पद्माकरचेच दोन वाळलेले भोपळे पाठवते. नाक मुरडू नकोस. दोरी पोरीच्या काखेखालून घेऊन भोपळे पाठीवर बांध. दर खेपेला दोरी बोटभर सैल कर, पण तिला सांगू नकोस. आणि तू स्वतः पाण्यात उभी राहा. काठावरून ओरडून काही होत नाही.

मुलांना पापे. तब्येतीला जपा, पत्राला आळस करू नका.

तुझी,
आई


हॅरो, ११ जुलै १९७१

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

आधी शशिधरची गंमत. बिचारा भोपळे मांडीवर घेऊन आला. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं की हे वाद्य आहे का. हा घाबरून हो म्हणाला, तर वाजवून दाखवायला सांगितलं! याने बोटांनी चांगला ठेका धरला, तेव्हा सुटला.

सेंटरमधल्या अटेंडंटने भोपळे बघून अगदी नम्रपणे नकार दिला. मग आम्ही रविवारी बसने तलावावर जायला लागलो. तिथे काठाला समुद्रासारखी वाळू आहे. मी कॉस्च्युमवर यांचा शर्ट चढवला आणि छातीभर पाण्यात उतरले. पाणी असं गार, की तुमच्या सासूबाईंचं ऐकायला हवं होतं असं वाटलं. तुमचं पत्र ऐकल्यापासून हे वाळूत बसून सँडविचची राखण करतात. दुसऱ्या रविवारी तर गोरी पोरं भोपळ्यांसाठी रांग लावून उभी!

दोरी बोटबोट सैल करत गेले. गेल्या रविवारी वीणा पाय मारत खांबापर्यंत गेली आणि भोपळे मागे माझ्या हाताशी तरंगत राहिले. तिला पत्ताच नाही. मी ओरडले नाही आई, तोंडावर हात दाबून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. तिने वळून पाहिलं, भोपळे माझ्याजवळ दिसताच क्षणभर तिचा चेहरा उतरला, आणि मग ती परत आली. पोहतच आली.

गुरुवारी सेंटरमध्ये पंचवीस यार्ड पास झाली. उद्या वेल्सला निघेल. आता भोपळे माझ्या पाठीवर आहेत आणि दोरी धरून राजीव मला रागावतो.

खाली वीणाने लिहिलंय. तिचं मराठी गोड मानून घ्यावं. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपली,
उल्का

डिअर आजी, मी पोहला! भोपळा खूप चांगली आहे. आता बाबाचा टर्न. मी टीचरला सॉरी म्हटला आणि सांगितला की आजीने लेटरमधून शिकवला. ती विचारते, आजी पण पोहते का? मी काय सांगू? लव्ह, वीणा.


वाई, २४ ऑक्टोबर १९७१

चि. वीणास,
गोड गोड पापा.

उत्तराला तीन महिने लागले म्हणून रागावू नकोस. तुझा प्रश्न सोपा नव्हता. पोहते म्हणावं, तर चाळीस वर्षं पाण्यात नाही. नाही म्हणावं, तर जीभ रेटेना. त्यात पावसाळ्यात नदी लाल आणि फुगलेली. दिवाळी झाली, पाणी निवळलं, आणि काल सकाळी नानांच्या हातात कोरडं लुगडं देऊन त्यांना घाटावर उभं केलं. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी सांगितलं की ते ऐकायलाच तुम्ही इथे थांबा, आणि कासोटा घट्ट खोवून उतरले.

दहा हात मारले आणि दम लागला. वाटलं, झालं, संपलं आपलं. मग हातापायांना आपोआप आठवत गेलं. पलीकडच्या काठाला हात लावून परत आले. नाना टाळ्या वाजवत होते, लुगडं पाण्यात पडलं तेही त्यांना कळलं नाही. मला किती आनंद झाला, बाळा, ते लिहिता येत नाही.

तर टीचरना सांग, आजी पोहते. कालपासून पुन्हा.

राजीवला पापा. आईबाबांना आशीर्वाद. आजीवर अशीच माया ठेव.

तुझी,
आजी

ता. क. आईचं शिकून झालं की भोपळे कोणाबरोबर तरी परत पाठवा. घाटावर धुणं धुणारी शेजारची नवी सून काल हळूच विचारून गेली, ते कुठे मिळतात म्हणून.