पिवळ्या फुलांचे कंद

२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

इकडे अजून छपरांवर बर्फ आहे. रोपवाटिकेच्या काचघरात मात्र हीटर लावून आम्ही उन्हाळ्याचं सोंग आणलंय. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मालक ओरडतात, दार लाव, माझी रोपं गारठतील. माणसं गारठली तर चालतात त्यांना.

आता कामाचं. ऑक्टोबरात बाबांसाठी ट्युलिपचे कंद पाठवले होते, त्यांचं काय झालं? तुमच्या उन्हाच्या गावात त्यांना हिवाळा मिळत नाही, म्हणून कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव आणि वर्षअखेर कुंडीत लाव, असं मी लिहिलं होतं. लावले असतील तर एव्हाना फुलं यायला हवीत. मागच्या दोन पत्रांत विचारलं, तू दोन्ही वेळा हवापाण्याचं लिहून मोकळी झालीस. दादाला विचारलं तर म्हणाला, वहिनीला विचार. बाबा पूर्वी तुझ्या पत्राच्या तळाशी चार ओळी तरी खरडायचे, त्याही बंद झाल्या. फोनवर बरं आहे, बरं आहे यापलीकडे बोलत नाहीत, आणि मागून तुझी कुजबुज ऐकू येते. मला बाई कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. संशयी म्हण हवं तर.

लोभ असू दे, आणि या वेळी उत्तरही असू दे.

तुझी नणंद,
चिमणी


११ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

काय गं बाई घाई तुला! कंद छान फुलले. लालभडक फुलं आली आहेत. बाबा रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की माझ्या चिमणीने पाठवली. दूधवाल्याला तर रोज नव्याने सांगतात, तोही बिचारा रोज नव्याने ऐकतो. हात जरा दुखतो म्हणून लिहीत नाहीत, एवढंच.

ऊन आतापासूनच मी म्हणतंय. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग शिवायचा पडलाय, म्हणून पत्र आखूड. तू वेळेवर जेवतेस ना?

लोभ आहेच, तू संशय तेवढा कमी कर.

तुझी वहिनी


१८ मार्च

वहिनीस,
नमस्कार.

साष्टांग वगैरे आज लिहवत नाही. मी पाठवलेले कंद पिवळ्या फुलांचे होते. आईला पिवळा रंग आवडायचा म्हणून माझ्या हाताने निवडले होते. त्यात लाल एकही नव्हता. आणि फरशीवर पाय ठेववत नाही अशा उन्हात ट्युलिप रोज सकाळी तरारून उभा राहतो होय? दोन दिवसांत मान टाकेल तो. वहिनी, रोपं विकून पोट भरते मी. थाप मारायचीच होती तर जास्वंदीची मारायचीस.

कंद फेकलेस ना? फेकलेस तर फेकलेस. पण कंदांबद्दल इतकं खोटं, तर बाबांबद्दल किती असेल? हात दुखतो तर डॉक्टरला दाखवला का? घरात म्हाताऱ्या माणसाची अडचण होतेय का? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी रजा मागितली आहे. येते आणि बाबांना इकडे घेऊन जाते. माझी खोली लहान आहे, पण माझी आहे.

बाबांच्या हातची चार अक्षरं पाठव. नाही आली तर रजेची वाट न बघता निघेन.

लोभाचं काय ते उत्तर आल्यावर बघू.

चिमणी


२५ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाई. तुझं पत्र वाचून आधी संतापले, मग रडले. आता बाबांनी घातलेली शपथ मोडते.

कंद मी फेकले नाहीत. तू सांगितलंस तसेच फ्रिजमध्ये ठेवले होते. नोव्हेंबरात एका रविवारी मी मशीनवर बसले होते आणि बाबांनी हौसेने सगळ्यांसाठी आम्लेट केलं, भरपूर कांदा घालून. आधी स्वतः चाखायची त्यांची सवय तुला ठाऊक आहे. त्यांनी दोन घास खाल्ले, आणि मी ओट्यावरची सालं पाहिली. तुझे कंद चिरले होते, सगळेच्या सगळे. दिवसभर उलट्या. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण पोटापेक्षा डोकं तपासून घ्या. घेतलं. विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणार आहे.

ज्या माणसाने डोळे बांधून नुसत्या सालीवरून तुला कंद ओळखायला शिकवलं, त्यानेच ते कांदे समजून चिरले. हे तुला कुठल्या तोंडाने लिहू? डोकं ताळ्यावर असताना बाबांना स्वतःलाच ते उमगलं. माझा हात धरून म्हणाले, चिमणीला सांगू नकोस, ती मला तिकडे नेईल. तुझ्याकडे आले होते तेव्हा थंडीने छाती भरली, दवाखान्यात ओठ निळे पडले. बाकी सगळं विसरतात, तेवढं विसरत नाहीत.

लाल फुलं म्हणजे आपल्या अंगणातली जास्वंदच गं. ती तूच पाठवलीस असं त्यांनी मनाशी धरलंय, आणि ते सांगतात तेच मी तुला लिहिलं. दादालाही मीच गप्प बसवलं. माझं चुकलं असेल. पण त्यांना न्यायचं म्हणतेस तर आधी सोबतचं पत्र वाच, मग माझ्याशी भांड. लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली.

लोभ तुटू देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी वहिनी


चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझी फुलं आली. लाल आहेत. तुझ्या आईला दाखवली, तिला आवडली. त्यांना ऊन बाधत नाही. इथून काढून तिकडे नेऊ नकोस, जळतील. रोप हवेला विचारून लावावं, आपल्या हौसेला नाही, हे तुला कितीदा सांगितलंय. इथे शिवण शिवणारी एक बाई आहे, ती माझं फार करते. तिचं नाव विचारायचं राहिलं.

तुझे बाबा


२ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

यातला साष्टांग या वेळी खराखुरा समज. बाबांचं पत्र मी काचघराच्या दारातच उघडलं. मालक दार लाव म्हणून ओरडत होते आणि मला काही ऐकूच येत नव्हतं. तुझ्यावर नाही नाही ते आळ घेतले मी. जीभ झडो माझी.

बाबांना नेत नाही. रजा महिन्याची मिळाली आहे, येते ती तुझ्या हाताखाली राबायला. गणवेशांना बटणं लावता येतात मला, तू कितीही हसलीस तरी. येताना कंद आणत नाही.

लोभ मी आटवला होता तेवढा तरी भरून दे. खालचं बाबांना वाचून दाखव, सावकाश.

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. शिवणाऱ्या त्या बाईंना आपण वहिनी म्हणतो. रोज विचारलंत तरी त्या रोज सांगतील. मी फुलं बघायला येते आहे, काढून न्यायला नाही. आणि बाबा, लालच आहेत ती. माझ्या हाताने निवडली होती.

तुमची चिमणी