चौदा फावडी आणि तळ्यावरचा पहिला बर्फ

तीर्थस्वरूप तादियादादांस,

धाकट्या विलोतियेचा नम्र नमस्कार. तिकडे बार शहरात समुद्रकाठी तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला गेला का आणि ऑलिव्हच्या झाडांना यंदा फळ किती धरलं, ते सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात एकट्या गुडघ्याने दोन पानं खाल्ली. वहिनींना निदान अर्धं पान द्या.) इकडे डोंगरात सगळे खुशाल आहेत. माझ्याखेरीज.

गिर्यारोहक मंडळाच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या पानावर आपल्या तळ्याचा फोटो असतो, आणि तोही पहिला बर्फ पडतो त्याच सकाळचा, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षीच्या पानावर तळं होतं, बर्फ होता आणि बरोबर मधोमध मिचून खानावळवाल्याची गाय पाठमोरी उभी होती. लोकांना ती आवडली. काही घरांत जून आला तरी ते पान उलटलं गेलं नाही. दादा, चाळीस वर्षं मी या गावाला इतिहास शिकवला, लग्नांत, मयतांत, पुलाच्या उद्घाटनात भाषणं केली, आणि त्याचं फळ काय, तर भिंतीवर गाईचं बूड. ऑक्टोबरात मी मिचूनच्या खानावळीत उभा राहिलो. सौंदर्याला प्रेक्षक लागतो पण पायताण लागत नाही, या विषयावर पाऊण तास बोललो (तुम्ही असतात तर डोळे पुसले असतेत). शेवटी टेबलावर मूठ आपटून शपथ घेतली, की यंदा एकही पाऊल न उमटलेल्या पहिल्या बर्फाचा फोटो काढीन, नाहीतर मे महिन्यातल्या जुर्जेवदानाच्या सणापर्यंत एकही भाषण करणार नाही. सगळे एका सुरात म्हणाले, "आम्ही साक्षीदार." मिचूनने हयातीत पहिल्यांदा सगळ्यांना फुकट राकिया पाजली. इतका मान मला आजवर मिळाला नव्हता.

नंतरचे एकोणीस दिवस मी आभाळाकडे बघत काढले. रोज सकाळी हवामानाच्या बातम्या ऐकायला पोस्टात जात होतो, कारण तिथला रेडिओ स्वच्छ वाजतो. (माझाही वाजतो, पण तो मुद्दा नाही.) पोस्ट सांभाळते ती याग्लिका, सहा वर्षांपूर्वी नवरा गेला ती, लाल शालवाली. माझं बोलणं मध्येच तोडून "मास्तर, पुरे, चहा निवतोय" म्हणणारी गावात ती एकटीच. बाकीचे नुसते उठून जातात.

बुधवारी पहाटे बर्फ पडला. मी कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावर टाकून दार उघडलं, तर पायवाट झाडलेली. यात नवल नव्हतं. आपल्याकडे बर्फ पडला की जो तो आपल्या दारापासून शेजाऱ्याच्या दारापर्यंत वाट मोकळी करतो, ही रीत तुमच्या वेळेपासूनची. पण ही वाट माझ्या दारापासून पुढेच चालली. झऱ्याशी थांबली नाही, पाइनच्या झाडांतून उतरली आणि तळ्याच्या या अंगाला किनारा धरून टोकापर्यंत गेली, दोन बैलगाड्या जातील एवढी रुंद. मी फोटो काढतो तो दगडसुद्धा पुसून ठेवलेला. आणि तिथे चौदा माणसं, चौदा फावडी घेऊन, टोप्या काढून उभी.

मिचून पुढे आला. "मास्तर, पाय घसरला असता तुमचा. या वयात खुबा मोडला तर गावाने कुणाकडे बघायचं?"

"अरे, एकही पाऊल नको होतं मला."

"मग पाऊल कुठाय? एक दाखवा. आम्ही मागे सरकत सरकत खरवडलंय."

दादा, माझ्या पोटात तासाभराचं भाषण उसळून आलं. आपल्या पूर्वजांपासून सुरुवात होती. मी छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात मिचून अगदी मायेने म्हणाला, "हरलात तर जुर्जेवदान, मास्तर." आणि चौदा माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

पण तळ्याचा पलीकडचा काठ अजून कोरा होता. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता (बाकीचे उजेड तपासण्यासाठी पोस्टाच्या दारासमोर खर्च झाले होते). मी तिकाटणं रोवलं, भिंग तिकडे वळवलं, श्वास रोखला, बटण दाबलं. आणि त्याच क्षणी पाइनच्या आडून याग्लिका बाहेर आली. वरच्या वाडीचं टपाल टाकून परतत होती, गुडघाभर बर्फात, लाल शाल घेऊन, आणि मागे पावलांची लांबलचक ओळ. वळसा घालून ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, आज गप्प का?" मला उत्तर सुचलं नाही. विशेष म्हणजे, सुचावं असंही वाटलं नाही.

मी हरलो. तेव्हापासून मिचूनच्या मुलाचं लग्न झालं, म्हाताऱ्या वुकोताचं दफन झालं, आणि मी दोन्हीकडे शेवटच्या रांगेत गप्प बसून होतो. लोक मला भेटून हात दाबतात. इतकी सुंदर मयत पाहिली नाही म्हणतात. जानेवारीच्या पानावर पुन्हा गाय येते आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
विलोतिये

ता. क. सोबत तो फोटो पाठवतो आहे. मंडळाकडे मी तो दिलाच नाही. बघून झाल्यावर परत पाठवा. दुमडू नका.

ता. क. २. खरं म्हणजे पत्राचं कारण असं, की नाताळाआधी तुम्ही इकडे यावं. घरातलं वडील माणूस म्हणून याग्लिकेकडे माझ्यासाठी शब्द टाकावा. मी शपथेने बांधला गेलो आहे, आणि चार वाक्यांच्या वर गेलं की माझ्यासाठी ते भाषणच होतं. गुडघ्याचा विषय काढू नका.

ता. क. ३. भावोजी, हे मी याग्लिका लिहिते आहे. लोकांची पत्रं मी वाचत नाही, पण दुसरा ता. क. मास्तरांनी माझ्याच काउंटरवर उभं राहून लिहिला, आणि लिहिताना ते मोठ्याने पुटपुटतात. शब्द टाकायला येऊ नका, जेवायला या. चौदा जणांना फावडी घेऊन मीच उठवलं होतं. हा माणूस गप्प असला की कसा दिसतो, ते एकदा बघायचं होतं. बरा दिसतो. लग्न जुर्जेवदानाच्या आत उरकू, नाहीतर त्यातही भाषण होईल. फोटो आता परत पाठवू नका, येताना आणा. दुमडू नका.