निळ्या झग्यातला नट

प्रिय बाबा,

काल दादाने आपलं जपानी चित्र भिंतीवरून काढलं, त्याच्या शारजाच्या नव्या घरी लावणार म्हणे. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आता कुठे तोंड उघडतेय!

मी नववीत होते. अल मनखूल भागातल्या आपल्या फ्रेमच्या दुकानात त्या जपानी बाई चित्रांची चळत घेऊन आल्या. तुमच्या कामावर खूश होऊन म्हणाल्या, यातलं एक तुम्हाला. तुम्ही नेमकं हेच उचललंत. फिकट निळ्या झग्यातला नट, हातात जपमाळ. "काय निळा आहे!" म्हणत आत काच कापायला गेलात.

बाई मला हळूच म्हणाल्या, हे मृत्युचित्र आहे. आवडता नट गेला की अशी छापायचे. हा निळा निरोपाचा.

मी तुम्हाला सांगितलंच नाही. किती खुशीत होतात हो!

मग पाहुणा आला की तुमचं सुरू, "प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा, बघा! केसभर सरकला की खलास!" सोनेरी फ्रेमा तुम्हाला भडक वाटू लागल्या. चित्राभोवती कोरी जागा सोडू लागलात. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण तुम्ही ऐकाल तर शपथ!

पण दिवाळीला शर्टही तसलाच निळा का आणलात? तिकडे लांब रुवैस गावी फ्रेमा पोचवायला गेलात तेव्हा तोच अंगात होता. तिथेच हार्ट अटॅक आला.

सहा वर्षं मी त्या नटाला शिव्या घातल्या. मेल्यानेच नेलं तुम्हाला!

काल लिफ्ट बंद होती. चित्र घेऊन जिना उतरताना दादा मध्येच थांबला, छाती चोळू लागला. घामाने डबडबलेला. मी धावले तर म्हणतो, "इट्स नथिंग. डोन्ट टेल आई, ओके?"

बाबा, रुवैसच्या आदल्या आठवड्यात त्याच जिन्यात तुम्हीही छाती धरून हेच म्हणाला होतात. "आईला बोलू नकोस, उगाच घोर लावून घेईल." आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले. त्या नटाचं काय चुकलं हो? का घातलीत मला ती गळ? आणि मी का ऐकलं?

कालही माझ्या तोंडून "ओके"च गेलं.

सकाळपासून तीनदा फोन लावला, दादा उचलत नाहीये. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल. असेल ना, बाबा?

आई आत भाजी निवडतेय. तुमची शपथ, पेन ठेवते आणि तिला सगळं सांगते. दादाचंही, तुमचंही.

तुमची,
वसू